जमिनी का बिघडतात? कवठे येमाई परिसरातील जमिनींचा विचार

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या खोऱ्यात कवठे येमाई हे गाव वसले आहे. टाकळी हाजी, सविंदणे, मलठण ही त्याच्या आसपासची गावे. हा सारा मुलूख पर्जन्यछायेतील होय. घोड नदी सह्याद्रीच्या ज्या डोंगरात उगम पावते तेथे पावसाळ्यात धुवाधार पाऊस पडतो. परंतु तीच नदी शिरूर तालुक्यात येईपर्यंत पावसाचे मान वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपते. या पावसाचाही नेम नसतो. जून-जुलै कोरडे जावेत आणि सप्टेंबरात दोन-तीन दिवसांत वर्षाचा तिसरा हिस्सा कोसळावा, असे या भागातील शेतकऱ्याने अनेकदा अनुभविले आहे.

येथील जमीन काळ्या कातळापासून, म्हणजे बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. खडक एकच असला तरी जमिनी मात्र सारख्या नाहीत. माळावर मुरमाड, वीतभर खोलीची, तांबूस-करडी माती आढळते. उतारावर मध्यम खोलीची जमीन लागते आणि ओढ्यांच्या व नदीच्या काठी खोल काळी जमीन पसरलेली असते. माळावरील जमीन बिघडते ती माती वाहून गेल्यामुळे आणि काठावरील जमीन बिघडते ती मीठ साठल्यामुळे. हे दोन रोग वेगळे आहेत, त्यांची औषधेही वेगळी आहेत. एकाचे औषध दुसऱ्यास दिल्यास पैसा तर जातोच, पण कित्येकदा रोगही बळावतो. म्हणून दोन्ही नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

माळावरून जाणारी माती

पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर आदळला म्हणजे ढेकूळ फुटते, बारीक कण सुटे होतात व पाण्याबरोबर उताराकडे चालू लागतात. प्रथम जातो तो सर्वांत बारीक व सर्वांत कसदार भाग. मागे राहतात खडे आणि मुरूम. एक एकर रानातील मातीचा केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तरी तो सुमारे पाच टन भरतो. असा थर गेलेला डोळ्यांना दिसतही नाही. वीतभर मातीच्या रानात दहा-वीस वर्षे असेच चालले तर नांगराच्या फाळाला मुरूम लागू लागतो. मग शेतकरी म्हणतो की, रान पूर्वीसारखे पाणी धरीत नाही. त्याचे म्हणणे खरे आहे. पाणी धरणारी मातीच तेथे उरलेली नसते. कातळापासून नवी माती तयार होण्यास शतके लागतात, हे लक्षात घेता झालेली हानी एका पिढीत भरून येणारी नाही.

या प्रश्नाचा विचार शिरूर तालुक्यात नवा नाही. डॉ. हॅरोल्ड मान व एन. व्ही. कानिटकर यांनी याच तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची जमीन, पिके व कर्ज यांची बारकाईने पाहणी केली व ती 1921 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे कानिटकर यांनी आपले आयुष्य कोरडवाहू शेतीच्या संशोधनास वाहिले. सोलापूर येथे 1933 पासून या शेतीचे प्रयोग सुरू झाले आणि माती व ओल जागच्या जागी अडविणे हाच कोरडवाहू शेतीचा पाया आहे, हे त्यांतून सिद्ध झाले. मुंबई प्रांतात 1942 मध्ये जमीन सुधारणा योजना कायदा झाला व समपातळी बांधांची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. 1972 च्या दुष्काळात तर हजारो हातांना याच कामांनी भाकरी दिली.

परंतु त्या बांधांचे पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. मुरमाड व मध्यम जमिनीत समपातळी बांधांचा चांगला उपयोग झाला. खोल काळ्या जमिनीत मात्र हेच बांध अडचणीचे ठरले. काळी माती उन्हाळ्यात फाटते, बांधाला भेगा पडतात व पहिल्याच मोठ्या पावसात तो फुटतो. न फुटल्यास मागे पाणी तुंबून रब्बी ज्वारीची पेरणी लांबते. तेथे पाणी हळूहळू बाहेर काढणारे ढाळीचे बांध हवे असतात. शेतकऱ्यांनी त्या काळी काही ठिकाणी बांध मोडून टाकले, याचे खापर केवळ त्यांच्या अज्ञानावर फोडणे योग्य नव्हे. जमीन न पाहता एकच नमुना सर्वत्र लावला गेला, हेही त्याचे एक कारण होय.

आजची अडचण निराळी आहे. वाटण्या होऊन शेते अरुंद झाली व ती बहुधा उताराच्या दिशेने लांबट पडली. ट्रॅक्टरला वळण्यास जागा कमी म्हणून नांगरट व पेरणी उतारानेच होते. नांगराची प्रत्येक तास म्हणजे पाण्याला करून दिलेली वाट असते. उताराला आडवी पेरणी केल्यास बियाणे, खत किंवा मजुरी यांत एक पैशाचीही वाढ होत नाही, तरीही ती होत नाही. ज्यांना शक्य असेल त्यांनी शेजारच्या भाऊबंदांशी बोलून दोन-तीन पट्ट्यांची मशागत एकत्र आडवी करून घ्यावी. बांध व ताली जागच्या जागी राखून आडवी मशागत करता येते.

यंत्राने सपाटीकरण करताना आणखी एक चूक होते. उंचवट्याची माती खोलगट जागी ढकलली की वरची कसदार माती खाली गाडली जाते व खालचा चुनखडीयुक्त मुरूम वर येतो. असे रान दिसावयास टेबलासारखे सपाट असते, परंतु त्यावर पहिली तीन-चार वर्षे पीक पिवळे पडते. सपाटीकरण करावयाचेच असल्यास वरचा अर्धा फूट थर आधी बाजूला ओढून ठेवावा, काम झाल्यावर तो पुन्हा पसरावा. यास डिझेल जास्त लागते हे खरे, पण तेवढीच त्याची किंमत आहे. तलावातील गाळ आणून टाकण्याची पद्धत 2017 नंतर शासकीय योजनेमुळे पुष्कळ वाढली. मुरमाड माळास गाळ हितकारक आहे. मात्र गाळ आधीच काळ्या व भारी असलेल्या जमिनीत टाकणे व्यर्थ होय. तेथे तो निचरा अधिकच मंद करतो.

काठावर साठणारे मीठ

आता काठच्या जमिनीकडे वळू. या भागात एके काळी बाजरी, मटकी, हुलगा व नशीब असल्यास रब्बीची ज्वारी एवढीच पिके होती. कुकडी प्रकल्पाचे पाणी, डिंभे धरणाचे कालवे, घोड नदीवरील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि विहिरी व बोअर यांमुळे चित्र पालटले. ऊस, कांदा, भाजीपाला यांनी रान हिरवे झाले. पाण्याने घराघरांत पैसा आणला, मुले शिकली. हे सर्व मान्य करूनच पुढील गोष्ट सांगणे आवश्यक आहे.

प्रत्येक पाण्यात मीठ असते. कालव्याच्या चांगल्या पाण्यात ते थोडे असते, विहिरीच्या व बोअरच्या पाण्यात अधिक. पाण्यातील क्षार त्याच्या विद्युत वाहकतेवरून मोजतात. समजा, एखाद्या बोअरच्या पाण्याची वाहकता एक डेसीसायमन प्रति मीटर आहे. असे पाणी पिण्यास थोडेसे मचूळ लागेल इतकेच; पिकास ते सर्रास देतात. अशा एका लिटर पाण्यात सुमारे 640 मिलिग्रॅम क्षार असतात. उसाला वर्षभरात मोकाट पद्धतीने दोनशे सेंटिमीटर पाणी दिले, तर एका एकरात सुमारे पाच टन क्षार पडतात. पन्नास किलोच्या गोणीने मोजल्यास या शंभर गोण्या झाल्या. यातील काही भाग चुनखडीच्या रूपाने जमिनीत खाली बसतो, काही पीक उचलते. परंतु पीक उचलते ते अगदी अल्प. बाकीचे क्षार एक तर पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातात किंवा तेथेच राहतात. तिसरा मार्ग नाही. एकाच वर्षात या शंभर गोण्यांनी पीक जळत नाही, म्हणूनच धोका लवकर ध्यानात येत नाही.

खाली निघून जाण्याची वाट मोकळी असेल तर चिंता नाही. परंतु खोल काळी जमीन पाणी फार सावकाश सोडते. वरचेवर पाणी दिल्याने व कालव्याच्या पाझराने भूजलाची पातळी वर चढू लागते. ती पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरच्या आत आली की दिव्यातील तेल जसे वातीतून वर चढते, तसे हे खारे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर येते. ऊन पाणी घेऊन जाते आणि मीठ जागेवर ठेवते. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर जी पांढरी पूड दिसते ती हीच होय.

ही घटना महाराष्ट्रात प्रथम घडली ती याच जिल्ह्यात. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला आणि बारामतीच्या बाजूची दुष्काळी जमीन उसाने बहरली. पंचवीस वर्षांच्या आतच तेथील काही रानांत पीक उगवेनासे झाले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. मान व व्ही. ए. ताम्हाणे यांनी या जमिनी तपासल्या व 1910 मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींविषयी पत्रिका प्रसिद्ध केली. पुढे 1920 नंतरच्या काळात पाटबंधारे खात्यातील इंग्लिस व गोखले यांनी दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ जमिनींचे व निचऱ्याचे काम केले. पाणी आणताना ते बाहेर काढण्याची सोय केली नाही तर काय होते, हे शंभर वर्षांपूर्वीच कळून चुकलेले आहे. तरीही पुढे कृष्णाकाठी सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत तोच अनुभव अधिक मोठ्या प्रमाणावर आला. घोडकाठी पाणी त्यामानाने उशिरा आले. ज्यांचे रान अद्याप निरोगी आहे त्यांना सावध होण्यास येथे अजून अवसर आहे.

खारवट की चोपण?

बिघडलेली जमीन दोन प्रकारची असते. पहिली क्षारयुक्त किंवा खारवट. हिच्यात विरघळणारे क्षार जास्त असतात, वर पांढरा थर येतो, परंतु माती भुसभुशीत राहते व पाणी मुरते. दुसरी चोपण. हिच्यात सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. ओली असताना ती चिखलासारखी चिकट व निसरडी, वाळली की दगडासारखी घट्ट. तिच्यावर पाणी दिवसेंदिवस साचून राहते व ते काळपट, तेलकट दिसते. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगावयाचे तर खारवट जमिनीची वाहकता चारपेक्षा अधिक व सामू साडेआठपेक्षा कमी असतो. चोपण जमिनीचा सामू साडेआठच्या वर व विनिमयक्षम सोडियम पंधरा टक्क्यांहून अधिक असतो. कित्येक रानांत दोन्ही दोष एकत्र असतात. खारवट जमीन वेळीच न सांभाळता तिच्यावर सोडियम अधिक असलेले बोअरचे पाणी देत राहिल्यास ती चोपण होते, आणि चोपण जमीन सुधारणे हे खारवट जमीन सुधारण्यापेक्षा पुष्कळ अवघड व खर्चाचे काम आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतावर करता येण्याजोगी एक साधी परीक्षा अशी आहे. काचेच्या बाटलीत मूठभर वाळलेली माती घ्यावी. तीत पावसाचे स्वच्छ पाणी भरून बाटली हळूच चार-पाच वेळा उलटीसुलटी करावी व स्थिर ठेवावी. माती खाली बसून वरचे पाणी दोन-चार तासांत निवळले तर चोपणपणा बहुधा नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहिले तर सोडियमची शंका धरावी. ही परीक्षा विहिरीच्या पाण्याने करू नये, कारण त्यातील क्षारांमुळेच माती खाली बसते व फसगत होते. बाटलीची परीक्षा प्रयोगशाळेची जागा घेऊ शकत नाही. कोणता नमुना आधी पाठवावा एवढेच ती सांगते.

दुसरी परीक्षा खड्ड्याची. पावसाळा संपताना रानाच्या सर्वांत सखल कोपऱ्यात दीड मीटर खोल खड्डा घ्यावा व दुसऱ्या दिवशी पाहावे. त्यात पाणी उभे असेल तर रोगाचे मूळ सापडले असे समजावे, मग वर पांढरे दिसो वा न दिसो.

निचरा

यावर पहिला उपाय निचरा, दुसरा उपाय निचरा, आणि त्यानंतर इतर सर्व. ही अतिशयोक्ती नव्हे. क्षार पाण्यात विरघळूनच जमिनीबाहेर जातात. त्यांना जाण्यास वाटच नसेल तर वरून कोणतेही औषध टाकले तरी ते क्षार तेथेच घोटाळतात.

निचऱ्याची निसर्गाने केलेली व्यवस्था म्हणजे ओढे, नाले व ओघळी. परंतु जमिनीला भाव आला तसतसे त्यांच्यावर संकट आले. एका शेतकऱ्याने ओघळ बुजवून दोन गुंठे रान वाढविले. त्याच्या वरच्या चौघांच्या शेतात पाणी तुंबू लागले. ज्याने ओघळ बुजविली त्याचे नुकसान लगेच होत नाही, वरच्याचे होते. म्हणूनच या कामात मातीपेक्षा माणसे जुळविणे कठीण असते. निचऱ्याचा चर एका शेतात सुरू होऊन त्याच शेतात संपू शकत नाही. त्याला खालच्याच्या रानातून ओढ्यापर्यंत वाट लागते. खालचा म्हणतो, तुमचे खारे पाणी माझ्या रानातून का? त्याचा प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर असे की, उघडा किंवा बंद चर नीट खोलीने काढला असता पाणी त्याच्या रानात पसरत नाही, उलट त्याच्याही रानातील पाणी त्यात उतरते. परंतु हे तोंडी सांगून पटत नाही. कार्यकर्त्याने अशा शिवाराचा उतार पातळीयंत्राने काढून, सर्व संबंधित खातेदारांना एकाच दिवशी बांधावर बोलावून, पाणी कोठून कोठे जाईल हे खुंट्या मारून दाखवावे. कागदावरील नकाशापेक्षा खुंटी अधिक समजते. खर्च क्षेत्राच्या प्रमाणात वाटला जावा व ओढ्यापर्यंतच्या वाटेची लेखी नोंद व्हावी.

शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून शिवारेच्या शिवारे पुन्हा लागवडीखाली आणली आहेत. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्रात या पद्धतीचा अभ्यास झालेला आहे. नळ्यांची खोली व दोन नळ्यांमधील अंतर जमिनीच्या प्रकारावर ठरते. शेजारच्या गावात जे अंतर ठेवले तेच येथे ठेवावे असे नाही. जेथे नळ्यांचा खर्च झेपणार नाही तेथे रानाच्या सखल बाजूस उघडा चर खणावा. उघडा चर जागा खातो व दर वर्षी साफ करावा लागतो, ही त्याची उणीव होय.

जिप्समविषयी थोडेसे

पांढरे दिसले की जिप्सम टाका, असा एक समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. केवळ खारवट जमिनीस जिप्समची गरज नसते. तेथे निचरा करून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे पुरेसे असते. जिप्सम हे चोपण जमिनीचे औषध होय. त्यातील कॅल्शियम मातीच्या कणावरील सोडियमची जागा घेते व सुटलेल्या सोडियमचा सल्फेट क्षार बनतो. हा क्षार पाण्यात विरघळणारा असल्याने निचरा असल्यास निघून जातो. निचरा नसल्यास रानातच राहतो आणि शेतकरी म्हणतो की, जिप्समने काही झाले नाही. जिप्समची मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवावी. उन्हाळ्याच्या अखेरीस ते वरच्या सात-आठ इंच थरात मिसळावे, खोल गाडू नये. त्यानंतर वाफे बांधून पावसाचे पाणी त्यातच जिरवावे. चुनखडी भरपूर असलेल्या जमिनीत गंधक वापरता येते, पण त्याचे रूपांतर जमिनीतील जिवाणूंमार्फत होत असल्याने परिणाम दिसण्यास वेळ लागतो. शेणखत, साखर कारखान्याची मळी, धैंचा किंवा ताग फुलोऱ्यावर येताच गाडणे, यांनी माती मोकळी होते व पाणी मुरण्यास मदत होते. उसाचे पाचट जाळण्याऐवजी सरीत कुजविल्यास उघड्या जमिनीवरून होणारे बाष्पीभवन कमी होते व मीठ वर येण्याचा वेगही मंदावतो.

पीक निवडताना क्षारांस सोसणारे कोणते हे पाहावे. कापूस व बार्ली बरेच सोसतात, गहू व ज्वारी मध्यम. ऊस फारसा सोसत नाही व कांदा तर त्याहूनही कमी. या भागात कांद्याचे क्षेत्र मोठे असल्याने ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. कांद्याची पात शेंड्याकडून करपू लागली म्हणजे शेतकरी प्रथम फवारणीकडे धावतो. रोग असेल तर फवारणी करावीच. परंतु दर वर्षी एकाच सखल पट्ट्यात असे होत असेल तर तेथील माती व पाणी आधी तपासावे.

ठिबक सिंचनाने पाणी वाचते व भूजल वर चढण्याचा धोका कमी होतो, म्हणून ते हिताचेच आहे. मात्र ठिबकने क्षार नाहीसे होत नाहीत. ते ओल्या गोलाच्या कडेस ढकलले जाऊन तेथे साठतात. पहिला हलका पाऊस झाला की हे क्षार पुन्हा मुळांकडे येतात. म्हणून हलक्या पावसाच्या वेळी ठिबक बंद न करता थोडा वेळ चालूच ठेवावे, व पावसाळ्यात एकदा तरी मोठ्या पावसाचे पाणी रानातच मुरवून क्षार खाली धुऊन जातील असे पाहावे.

बिघडलेल्या रानातील मातीचे नमुने एप्रिल-मे महिन्यांत, पाऊस पडण्यापूर्वी घ्यावेत. नेहमीप्रमाणे वीतभर खोलीची माती घेऊन येथे भागत नाही. पहिला फूट, दुसरा फूट व तिसरा फूट असे तीन नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरावेत व चांगल्या रानाचा एक नमुना तुलनेसाठी सोबत द्यावा. पाण्याचा नमुना पंप अर्धा तास चालवून मगच, त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळलेल्या लिटरभर बाटलीत भरावा. पाण्याची वाहकता 0.75 पर्यंत असल्यास ते निर्धास्त वापरावे, 2.25 च्या वर गेल्यास ते एकटे न देता कालव्याच्या पाण्याशी आलटून-पालटून द्यावे. प्रत्येक पिशवीवर व बाटलीवर गट क्रमांक, खोली व तारीख पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बांधावी. शाईची अक्षरे ओलीने पुसतात.